कॅज्युअल्टीतील डॉक्टर कोण असतो, आणि त्याच्याविषयीचे मत कसे वाचावे?

दातांचा डॉक्टर शेजाऱ्यांना विचारून ठरवता येतो. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेसाठी दोन-तीन शल्यविशारदांची मते घेता येतात. बाळंतपण कोणत्या इस्पितळात करायचे, यावर तर घरात महिनोन्महिने खल चालतो. मध्यरात्री छातीत कळ उठून बांबोळीच्या, मडगावच्या किंवा म्हापशाच्या कॅज्युअल्टीत पोहोचलेल्या माणसाला मात्र अशी निवड करता येत नाही. त्या पाळीला जो डॉक्टर हजर असेल, तोच त्याचा डॉक्टर. त्याचे नाव रुग्णाला ठाऊक नसते, त्याचे शिक्षण विचारण्याची ती वेळ नसते आणि पुष्कळदा त्याचा चेहराही पुढे आठवत नाही.

वैद्यकाच्या इतर कोणत्याही शाखेत रुग्ण इतका अनोळखी हातांवर विसंबत नाही. त्यामुळे दोन प्रश्न महत्त्वाचे ठरतात. आपत्कालीन विभागात उभा असलेला हा डॉक्टर काय शिकून आलेला असतो? आणि त्याच्या कामाविषयी रुग्ण जे बोलतात, लिहितात, तक्रार करतात, त्यातून त्याची पारख कितपत होते?

दुसरा प्रश्न गोव्याला नवा नाही. ७ जून २०२५ रोजी गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या, म्हणजे गोमेकॉच्या कॅज्युअल्टीत एका वयस्क रुग्णाला इंजेक्शन नाकारल्याच्या तक्रारीवरून आरोग्यमंत्र्यांनी तेथील वैद्यकीय अधिकाऱ्याला कॅमेऱ्यासमोर खडसावले आणि निलंबनाचा आदेश दिला. डॉक्टरांनी आंदोलनाचा पवित्रा घेतला, निलंबन होणार नाही असे मुख्यमंत्र्यांनी स्पष्ट केले आणि पुढे मंत्र्यांनी क्षमाही मागितली. राजकीय चर्चा पुष्कळ झाली. त्यामागचा मूळ प्रश्न मात्र तसाच राहिला. कॅज्युअल्टीचे काम कोणते, कोणते नव्हे, आणि ते नीट झाले की नाही हे ठरवायचे कोणी आणि कसे, हा तो प्रश्न.

'कॅज्युअल्टी' ते स्वतंत्र वैद्यकशाखा

'कॅज्युअल्टी' हा शब्द रणांगणावरही रूढ आहे. लढाईत मृत, जखमी वा बेपत्ता झालेल्या सैनिकांसाठी तो वापरतात. कित्येक दशके कॅज्युअल्टी म्हणजे इस्पितळाच्या दाराशी असलेली एक खोली एवढाच अर्थ होता. तेथे सर्वांत कमी अनुभवाचा डॉक्टर बसे. जखम शिवावी, हाड मोडले असल्यास अस्थिविभागाला कळवावे, छातीत दुखत असल्यास मेडिसिनच्या डॉक्टरला बोलवावे, एवढेच त्याच्याकडून अपेक्षित असे.

ही रचना पुरी पडत नाही हे दुसऱ्या महायुद्धानंतर रस्त्यांवरची वाहने वाढू लागली तसे उमगत गेले. अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्यातल्या अलेक्झांड्रिया शहरी १९६१ साली चार डॉक्टरांनी आपला खासगी व्यवसाय सोडून इस्पितळाचा आपत्कालीन विभाग चोवीस तास सांभाळण्याचे काम पूर्णवेळ पत्करले. ब्रिटनमध्ये १९६२ च्या प्लॅट समितीच्या अहवालाने 'कॅज्युअल्टी' हे नाव बदलून 'अपघात आणि आपत्कालीन विभाग' असे नाव द्यावे, अशी शिफारस केली. १९६७ मध्ये तेथील डॉक्टरांनी स्वतःची संघटना काढली. अमेरिकेत १९७० साली सिनसिनाटी येथे या विषयाचे पहिले निवासी प्रशिक्षण सुरू झाले आणि १९७९ मध्ये आपत्कालीन वैद्यकाला स्वतंत्र विशेषशाखेचा दर्जा मिळाला.

भारतात हा दर्जा मिळण्यास २००९ साल उजाडले. त्या वर्षी भारतीय वैद्यक परिषदेने 'एमडी आपत्कालीन वैद्यक' या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला मान्यता दिली. म्हणजे हृदयरोग, बालरोग, स्त्रीरोग या शाखांचे तज्ज्ञ ज्या देशात पिढ्यान् पिढ्या तयार होत आले, तेथे आपत्कालीन वैद्यकाचे पहिले मान्यताप्राप्त तज्ज्ञ अगदी अलीकडचे आहेत. ही वाटचालही सरळ झालेली नाही. २०२० च्या नियमावलीने वैद्यकीय महाविद्यालयांना हा विभाग आवश्यक ठरवला. २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांत अनिवार्य विभागांच्या यादीतून तो वगळण्यात आला आणि या शाखेच्या डॉक्टरांनी त्यावर नाराजी व्यक्त केली.

गोव्याची वैद्यकीय शिक्षणाची परंपरा १८४२ पासूनची. पणजीत त्या साली स्थापन झालेले 'एस्कोला मेडिको' हे आशियातील पाश्चात्त्य वैद्यकाच्या जुन्या विद्यालयांपैकी एक. त्याचाच वारसा सांगणाऱ्या गोमेकॉच्या कॅज्युअल्टीवर आज केवळ गोव्याचा भार नाही. सावंतवाडी, दोडामार्ग, कुडाळकडून आणि कारवारच्या बाजूनेही गंभीर रुग्ण बांबोळीला आणले जातात. २००८ मध्ये सुरू झालेल्या १०८ रुग्णवाहिकेने त्या खोलीचे दार जणू रस्त्यापर्यंत आणले. रुग्णवाहिकेतील प्रशिक्षित तंत्रज्ञ दूरध्वनीवरून डॉक्टरचा सल्ला घेत वाटेतच उपचार सुरू करतो.

पांढऱ्या कोटामागचे शिक्षण

आपत्कालीन विभागात एकाच वेळी निरनिराळ्या पायरीवरचे डॉक्टर काम करीत असतात. पांढरा कोट आणि गळ्यातील स्टेथोस्कोप सर्वांचा सारखाच दिसतो. शिक्षण सारखे नसते.

पहिली पायरी आंतरवासितेतील डॉक्टरची. एमबीबीएसचा साडेचार वर्षांचा अभ्यास संपल्यावर एक वर्षाची आंतरवासिता सक्तीची असते. २०२१ च्या नियमांनुसार त्या वर्षातील दोन आठवडे कॅज्युअल्टीसाठी राखलेले आहेत. हा डॉक्टर वरिष्ठांच्या देखरेखीखालीच काम करतो. अंतिम निर्णय त्याचा नसतो.

दुसरी पायरी नोंदणीकृत एमबीबीएस डॉक्टरची. जिल्हा इस्पितळे, उपजिल्हा इस्पितळे आणि पुष्कळशी खासगी इस्पितळे येथे रात्रपाळीचा वैद्यकीय अधिकारी बहुधा याच पायरीवरचा असतो. त्याच्याजवळ विशेषशाखेची पदवी नसते, पण वर्षानुवर्षांचा अनुभव असू शकतो. परदेशात एमबीबीएसच्या तोडीची पदवी घेऊन आलेल्या भारतीय डॉक्टरला येथे नोंदणीसाठी पात्रता परीक्षा उत्तीर्ण व्हावे लागते.

तिसरी पायरी निवासी डॉक्टरची. तो पदव्युत्तर शिक्षण घेत असतो. तो शल्यचिकित्सेचा असेल, मेडिसिनचा असेल, अस्थिरोगाचा असेल किंवा थेट आपत्कालीन वैद्यकाचा. चौथ्या पायरीवर त्या शाखेचा तज्ज्ञ येतो, ज्याने 'एमडी' किंवा 'डीएनबी' हा तीन वर्षांचा अभ्यासक्रम पुरा केलेला असतो. ब्रिटनच्या रॉयल कॉलेजची परीक्षा दिलेले डॉक्टरही आढळतात. काही खासगी इस्पितळे परदेशी विद्यापीठांच्या सहकार्याने आपत्कालीन वैद्यकाचे अभ्यासक्रम चालवतात. त्यात मिळणारे प्रशिक्षण कितीही चांगले असले, तरी राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाची मान्यता ही वेगळी बाब आहे. नावापुढील प्रत्येक अक्षरसमूह म्हणजे मान्यताप्राप्त पदवी नव्हे.

मग या शाखेचा तज्ज्ञ इतरांपेक्षा वेगळे काय शिकतो? हृदयरोगतज्ज्ञाकडे येणारा रुग्ण बहुधा हृदयाचा म्हणूनच येतो. आपत्कालीन विभागात येणारा रुग्ण 'श्वास लागतो' एवढेच सांगतो. त्यामागे दमा, हृदयविकार, फुप्फुसात अडकलेली रक्ताची गुठळी, मधुमेहाची गुंतागुंत किंवा निव्वळ घबराट, यांपैकी काहीही असू शकते. म्हणून हा डॉक्टर निदानाआधी जीव सांभाळण्यास शिकतो. श्वासमार्ग मोकळा आहे का, श्वास चालू आहे का, रक्ताभिसरण ठीक आहे का, मेंदूची जाणीव शाबूत आहे का, अंगावर लपलेली जखम आहे का, या क्रमाने तो रुग्ण तपासतो. नेमका आजार कोणता, हा प्रश्न त्याच्या लेखी दुसरा. येत्या तासाभरात या माणसाचा जीव कशाने जाऊ शकतो, हा पहिला.

पार्श्वभूमी पडताळण्याचा मार्ग

कोणत्याही डॉक्टरची नोंदणी राज्य वैद्यक परिषदेकडे असावी लागते. गोव्यात ती गोवा वैद्यक परिषदेकडे होते. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या संकेतस्थळावरील नोंदवहीत डॉक्टरचे नाव किंवा नोंदणी क्रमांक टाकून शोध घेता येतो. वैद्यकीय आचारसंहितेच्या २००२ च्या नियमांनुसार डॉक्टरने आपला नोंदणी क्रमांक दवाखान्यात लावणे आणि औषधांच्या चिठ्ठीवर, प्रमाणपत्रावर व पावतीवर छापणे बंधनकारक आहे. अर्थात रुग्ण स्ट्रेचरवर असताना ही पडताळणी कोणी करीत नाही, करूही नये. तिचा उपयोग नंतरचा. केसपेपरवर किंवा डिस्चार्जच्या कागदावर डॉक्टरचे नाव व क्रमांक स्पष्ट आहे ना, एवढे नातेवाइकांनी पाहून ठेवले, तर पुढे आभार मानायचे असोत वा तक्रार करायची असो, दोन्ही नेमक्या माणसापर्यंत पोहोचतात.

याहून महत्त्वाचा प्रश्न इस्पितळाला विचारायचा असतो, आणि तोही आजारपण नसताना. आपल्या गावाजवळच्या इस्पितळात रात्री प्रत्यक्ष हजर असलेला डॉक्टर कोणत्या पायरीवरचा? तज्ज्ञ इस्पितळात असतो की घरून बोलवावा लागतो? सीटी स्कॅन चोवीस तास चालू असतो का? पक्षाघाताच्या रुग्णाला गुठळी विरघळवणारे औषध साधारणतः साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. सीटी स्कॅन नसलेल्या इस्पितळात एक तास घालवल्यास त्यातील मोठा हिस्सा हातचा जातो. तेथे कोणत्याही डॉक्टरची पदवी रुग्णाच्या कामी येत नाही.

या बाबतीत गोव्यातील हृदयविकाराच्या झटक्यावरील उपक्रम उल्लेखनीय आहे. गावातील आरोग्य केंद्रात रुग्णाचा ईसीजी काढला जातो, तो दूरवर बसलेले तज्ज्ञ वाचतात आणि गरज असल्यास गुठळी विरघळवणारे औषध तेथेच देऊन रुग्णाला पुढे गोमेकॉत हलवले जाते. केंद्रातील डॉक्टर हृदयरोगतज्ज्ञ नसतो. पण त्याच्या मागे तज्ज्ञांची साखळी उभी असते. आपत्कालीन सेवेत एका डॉक्टरच्या पार्श्वभूमीइतकीच ही साखळी मोलाची ठरते.

आधी आलेल्याला नंबर मागे का?

कॅज्युअल्टीविषयीची सर्वाधिक नाराजी एका वाक्यात सांगता येते : 'आम्ही आधी आलो होतो.' बँकेत, टपाल खात्यात, रेशनच्या दुकानात रांगेचा नियम न्याय्य असतो. आपत्कालीन विभागात तोच नियम जीवघेणा ठरू शकतो.

रुग्णांची वर्गवारी करण्याची पद्धत नेपोलियनच्या सैन्यातील शल्यचिकित्सक डोमिनिक लारे याच्या नावाशी जोडली जाते. जखमी सैनिकाचा हुद्दा किंवा पक्ष न पाहता जखमेच्या गांभीर्यानुसार उपचार करावेत, असा त्याचा आग्रह होता. या वर्गवारीला 'ट्रायज' म्हणतात. ब्रिटनमधील मँचेस्टर येथे १९९० च्या दशकात तयार झालेल्या पद्धतीत पाच रंग आहेत. लाल रंगाच्या रुग्णाला तत्काळ, नारिंगीला १० मिनिटांत, पिवळ्याला ६० मिनिटांत, हिरव्याला १२० मिनिटांत आणि निळ्याला २४० मिनिटांत डॉक्टरने पाहावे, असा त्यातील संकेत आहे. भारतात लाल, पिवळा आणि हिरवा अशी तीन रंगांची पद्धत अधिक रूढ आहे.

म्हणजे पाय मुरगळलेला रुग्ण दोन तास बाकावर बसून राहतो आणि त्याच्यानंतर आलेला, वरवर धडधाकट दिसणारा, घामाने डबडबलेला गृहस्थ थेट आत नेला जातो, तेव्हा तेथे वशिला चाललेलाच असतो असे नाही. छातीत दुखणाऱ्या रुग्णाचा ईसीजी पोहोचल्यापासून १० मिनिटांत निघावा, असा वैद्यकीय संकेत आहे. तो पाळण्यासाठीच त्याला पुढे नेलेले असते. पण हे बाकावर बसलेल्या माणसाला कोणी सांगितलेले नसते, आणि नाराजीचा उगम बहुधा तेथेच होतो.

गैरसमजाचे दुसरे कारण म्हणजे 'काही नाही' हा शब्द. छातीत दुखते म्हणून आलेल्या रुग्णाला ईसीजी आणि रक्ततपासणीनंतर घरी पाठवले जाते. तो म्हणतो, 'चार तास बसवून ठेवले आणि काही निघाले नाही.' वास्तविक हृदयाच्या स्नायूला इजा झाल्यास रक्तात वाढणारे ट्रोपोनिन हे द्रव्य दुखणे सुरू झाल्यावर लगेच वाढत नाही. त्यासाठी काही तास जावे लागतात. म्हणून ती तपासणी ठरावीक अंतराने पुन्हा करावी लागते. त्या चार तासांत डॉक्टरने रुग्णाचा धोका टाळला आहे याची खात्री करून घेतलेली असते. 'आजार नाही' आणि 'आज रात्रीपुरता जिवाला धोका दिसत नाही' ही दोन वेगळी विधाने आहेत. चांगला डॉक्टर दुसरे विधान करतो, आणि कोणती लक्षणे दिसल्यास पुन्हा यावे हेही सांगतो.

याउलट, ज्या कामासाठी ओपीडी किंवा प्राथमिक आरोग्य केंद्र आहे, ते काम सुट्टीच्या दिवशी कॅज्युअल्टीत येते. नियमित इंजेक्शन, जुनी खाज, रक्तदाबाच्या गोळ्या संपणे, या गोष्टी रुग्णाच्या दृष्टीने खऱ्याखुऱ्या अडचणी असतात. त्यांना नकार देणे वैद्यकीयदृष्ट्या योग्य असू शकते, पण नकारासोबत 'मग हे कोठे मिळेल' हे सांगणे त्याच कामाचा भाग आहे. जून २०२५ च्या प्रसंगात दोन्ही बाजूंनी पुष्कळ बोलले गेले. सुट्टीच्या दिवशी अशा रुग्णाने जावे कोठे, या प्रश्नाचे उत्तर मात्र यंत्रणेकडूनच यायला हवे.

अभिप्राय कोण देतो, कोण देत नाही

इस्पितळांना तारे देण्याची पद्धत आता हॉटेलांइतकीच रुळली आहे. सरकारनेही २०१६ मध्ये 'मेरा अस्पताल' ही व्यवस्था सुरू केली. तीत रुग्णाला एसएमएस, दूरध्वनी, ॲप किंवा संकेतस्थळ यांद्वारे समाधान वा असमाधान नोंदवता येते आणि असमाधानाचे कारणही सांगता येते. कर्मचाऱ्यांचे वर्तन, स्वच्छता, उपचाराचा खर्च, उपचाराचा दर्जा अशी ती कारणे.

आपत्कालीन विभागाच्या बाबतीत हे अभिप्राय वाचताना एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. ज्याच्यासाठी तो विभाग उभारला आहे, तो रुग्ण बहुधा अभिप्राय देतच नाही. बेशुद्धावस्थेत आलेला, नळी घालून श्वास चालू ठेवलेला, तेथून अतिदक्षता विभागात हलवलेला माणूस बरा होऊन घरी जातो, तेव्हा त्याला वॉर्डातील डॉक्टर आठवतात. पहिल्या वीस मिनिटांत ज्याने त्याचा जीव राखला, तो त्याच्या स्मरणातही नसतो. अभिप्राय लिहितो तो हिरव्या रंगाचा रुग्ण, ज्याने सर्वांत जास्त वाट पाहिली. त्याचे म्हणणे खोटे नसते. पण त्या विभागाच्या मुख्य कामाविषयी ते फारसे सांगत नाही.

या विषयावर परदेशांत झालेला अभ्यास बोलका आहे. आपत्कालीन विभागातील रुग्णांविषयी अमेरिकेत १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे आढळले की, रुग्णाचे समाधान घड्याळातील प्रत्यक्ष वेळेवर अवलंबून नव्हते. वाट पाहण्याचा काळ त्याला किती वाटला, काय चालले आहे याची माहिती त्याला मिळाली का आणि कर्मचारी त्याच्याशी कसे बोलले, यांवर ते अवलंबून होते. म्हणजे खाटा आणि डॉक्टर न वाढवताही, 'आत एक गंभीर रुग्ण आहे, तुम्हाला साधारण तासभर लागेल' एवढ्या एका वाक्याने नाराजी कमी होऊ शकते. गोव्यासारख्या राज्यात ते वाक्य कोकणी, मराठी, हिंदी वा कन्नड यांपैकी रुग्णाच्या भाषेत सांगितले जाणेही तितकेच महत्त्वाचे.

समाधान म्हणजे उत्तम उपचार असे मात्र समीकरण मांडता येत नाही. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील संशोधकांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या, ५० हजारांहून अधिक प्रौढांच्या माहितीवर आधारलेल्या अभ्यासात, आपल्या डॉक्टरांविषयी सर्वाधिक समाधानी असलेल्या रुग्णांवरील वैद्यकीय खर्च अधिक आढळला आणि त्यांचे मृत्यूचे प्रमाणही अधिक आढळले. समाधानामुळे मृत्यू ओढवतो असा याचा अर्थ नव्हे. पण रुग्ण मागेल ते देणारा डॉक्टर चांगलाच असतो, हा समज मात्र त्याने डळमळीत केला. अमेरिकेत रुग्णांना 'तुमचे दुखणे पुरेसे आटोक्यात ठेवले का' असे विचारून त्या गुणांवर इस्पितळांचे काही पैसे अवलंबून ठेवले होते. त्यातून अफूजन्य वेदनाशामके देण्यास उत्तेजन मिळते, अशी चिंता व्यक्त झाल्यावर २०१८ या आर्थिक वर्षापासून ते गुण पैशांच्या हिशेबातून वगळण्यात आले.

भारतात ताप आला की सलाईन, सर्दी झाली की प्रतिजैविक, ही मागणी ओळखीची आहे. सलाईन न लावता गोळी देऊन घरी पाठवणारा डॉक्टर कमी तारे मिळवतो. गरज नसताना सलाईन लावणारा 'चांगला' ठरतो. शिवाय उघड टीकेला डॉक्टर तितक्याच उघडपणे उत्तर देऊ शकत नाही, कारण रुग्णाची माहिती गुप्त राखण्याचे बंधन त्याच्यावर असते. डॉक्टरांनी समाजमाध्यमांवर रुग्णांकडून प्रशंसापर अभिप्राय मागू नयेत, असे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या ऑगस्ट २०२३ च्या नियमांत म्हटले होते. ते नियम त्याच महिन्यात स्थगित झाले. त्यामुळे मागून मिळवलेली स्तुती आणि रागाच्या भरात लिहिलेली निंदा, दोन्ही एकाच पानावर शेजारी शेजारी दिसतात.

तक्रार नेमकी कशाविषयी?

म्हणून अभिप्रायाचे मोल नाही, असे नव्हे. रुग्ण बोलला नाही तर इस्पितळाला आपले दोष दिसणारच नाहीत. मात्र उशीर, वर्तन आणि उपचार या तीन गोष्टी वेगळ्या मांडल्या, तर ते बोलणे योग्य ठिकाणी पोहोचते.

उशीर हा बहुधा व्यवस्थेचा दोष असतो : डॉक्टर कमी, खाटा भरलेल्या, वर्गवारी करणारी परिचारिकाच नाही. ही तक्रार इस्पितळाच्या वैद्यकीय अधीक्षकाकडे, वेळेच्या नोंदींसह करावी. किती वाजता पोहोचलो, किती वाजता प्रथम कोणी तपासले, किती वाजता उपचार सुरू झाले, एवढ्या तीन नोंदी संतापाच्या दहा वाक्यांपेक्षा अधिक काम करतात.

वर्तनाची तक्रारही तेथेच, पण माणसाच्या नावासह करावी. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने तयार केलेल्या रुग्ण हक्कांच्या सनदेत १७ हक्क आहेत. आपत्कालीन उपचार, आजाराची माहिती, सन्मानपूर्वक वागणूक आणि तक्रार ऐकली जाणे यांचा त्यांत समावेश आहे.

उपचारातील चुकीची तक्रार मात्र कागदपत्रांशिवाय उभी राहत नाही. २००२ च्या नियमांनुसार रुग्णाने किंवा त्याने अधिकार दिलेल्या व्यक्तीने मागणी केल्यास वैद्यकीय नोंदी ७२ तासांत द्याव्या लागतात. त्यांच्या आधारे राज्य वैद्यक परिषदेकडे व्यावसायिक गैरवर्तनाची तक्रार करता येते. तिचा निर्णय सहा महिन्यांत व्हावा, असे नियम सांगतात. शुल्क घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याच्या कक्षेत येते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये स्पष्ट केले. सर्वांनाच विनामूल्य मिळणारी सेवा त्या कक्षेबाहेर आहे. ग्राहक आयोगाकडे जाण्याची मुदत दोन वर्षांची. फौजदारी कारवाईसाठी निकष अधिक कठोर आहे. २००५ च्या जेकब मॅथ्यू निकालानुसार साधी चूक किंवा निदानातील मतभेद पुरेसा नाही. हलगर्जीपणा ढोबळ स्वरूपाचा असावा लागतो आणि त्याआधी स्वतंत्र वैद्यकीय मत घ्यावे लागते.

एका बाबतीत मात्र कोणतीही सबब चालत नाही. अपघातात जखमी झालेल्या एका स्कूटरस्वाराला जवळच्या इस्पितळाने पोलिसी प्रकरण म्हणून दूरच्या इस्पितळाकडे धाडले आणि वाटेतच त्याचा अंत झाला. त्या वृत्तावरून दाखल झालेल्या परमानंद कटारा याचिकेत सर्वोच्च न्यायालयाने १९८९ साली सांगितले की, सरकारी असो वा खासगी, प्रत्येक डॉक्टरने आधी जीव वाचवावा, कायद्याचे सोपस्कार नंतर करावेत. पश्चिम बंगालमध्ये रेल्वेतून पडलेल्या मजुराला एकामागून एक सरकारी इस्पितळांनी खाट नाही म्हणून परत पाठवले, तेव्हा १९९६ मध्ये त्याच न्यायालयाने तो जगण्याच्या मूलभूत हक्काचा भंग ठरवला आणि २५ हजार रुपयांची भरपाई देण्यास सांगितले. मे २०२५ पासून रस्ते अपघातातील जखमींना पहिल्या सात दिवसांसाठी दीड लाख रुपयांपर्यंत रोखरहित उपचार देणारी केंद्राची योजनाही लागू झाली आहे. त्यामुळे 'आधी पोलिसांचा कागद आणा' किंवा 'आधी पैसे भरा' असे म्हणत प्राथमिक उपचारच नाकारले गेल्यास, ती बाब वर्तनाच्या किंवा उशिराच्या तक्रारीत मोडत नाही. ते कर्तव्याचे उल्लंघन आहे, आणि त्याची लेखी तक्रार झालीच पाहिजे.

दोन्ही बाजूंचा धोका

आरडाओरड केल्याशिवाय कॅज्युअल्टीत दाद लागत नाही, अशी भावना रुग्णांच्या नातेवाइकांत वाढते आहे. तिच्यामागे अनुभव असतो, हे नाकारता येणार नाही. परंतु आवाज चढवणाऱ्याचे काम आधी झाले, तर मागे पडतो तो न ओरडणारा रुग्ण, आणि सर्वांत गंभीर रुग्णाला बहुधा ओरडताच येत नसते. दुसरीकडे, धमकीच्या सावटाखाली काम करणारा डॉक्टर स्वतःला वाचवण्यासाठी अनावश्यक तपासण्या लिहितो आणि जोखमीचा रुग्ण पुढच्या इस्पितळाकडे धाडतो. त्याची किंमतही रुग्णच मोजतो.

डॉक्टरची पदवी आणि नोंदणी पडताळण्याची जबाबदारी इस्पितळाची व वैद्यक परिषदेची आहे. रुग्णाने ती स्ट्रेचरवरून पार पाडावी अशी अपेक्षा कोणी करू शकत नाही. रात्रपाळीला कोण हजर आहे, कोणत्या पात्रतेचा आहे आणि साधारण किती वेळ थांबावे लागेल, हे आपत्कालीन विभागाच्या दाराशी फलकावर लिहिलेले असावे. त्यासाठी नवा कायदा लागत नाही, मोठा निधीही लागत नाही. तेथेच एक तक्रारवही असावी, तिच्यातील प्रत्येक नोंदीला लेखी उत्तर मिळावे आणि नोंद आभाराची असेल तर तीही त्या पाळीच्या डॉक्टर-परिचारिकांपर्यंत पोहोचावी. ज्याची निवड करता येत नाही त्याच्यावर विसंबायचे, तर निवड करणाऱ्या यंत्रणेने आपले दप्तर उघडे ठेवलेच पाहिजे.